सतारीविना भारतीय : अमान्सियो डिसिल्वा यांच्या ध्वनिमुद्रिका

संगीतातील ‘मिलाफ’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सिंथेसायझरच्या शेजारी तबल्याची जोडी मांडावी, मध्येच बासरीचा एखादा तुकडा पेरावा, की पूर्व आणि पश्चिम यांचा संगम घडला असे जाहीर होते. लग्नाच्या मांडवापासून सरकारी महोत्सवापर्यंत हे दृश्य आपण पाहतो. दोन वाद्ये एका मंचावर आली म्हणजे दोन संगीते एक झाली, हे त्यामागील गृहीतच मुळात लंगडे आहे. शेजार वेगळा आणि सोयरीक वेगळी. शेजारी वर्षानुवर्षे एका भिंतीआड राहूनही परके राहू शकतात. सोयरीक जमली म्हणजे घरात नवे मूल येते आणि त्याचा चेहरा दोन्ही घराण्यांना थोडा ओळखीचा, थोडा अनोळखी वाटतो.

प्रस्तुत लेखात ज्या गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिकांचा विचार करावयाचा आहे, त्यांच्या उत्तम वादनात अशी सोयरीक जमली होती, असे माझे मत आहे. त्यांचे नाव अमान्सियो डिसिल्वा. १९३६ साली मुंबईत, एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९९६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील जुन्या तबकड्यांचे संग्राहक त्यांच्या मूळ मुद्रिकांसाठी चढी किंमत मोजतात. मात्र मुंबईपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांत हे नाव उच्चारले तर दहांपैकी नऊ जण ‘हे कुठल्या गावचे?’ असे विचारतील. प्रश्न वावगा नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्याच समाजाच्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवावे लागते.

ते दुखणे असे. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. सोल्फेजची घोकंपट्टी, व्हायोलिनचा गज, मिस्साविधीतील लॅटिन गायन, यांतून पिढ्यानपिढ्या वादक तयार झाले. पोट भरण्यासाठी ते मुंबईस आले, धोबीतलावच्या आसपासच्या कुडांत उतरले, हॉटेलांच्या वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजवू लागले. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा ताफा आला आणि जॅझचे वारे मुंबईत शिरले. आंतोनिओ शाव्हिएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकांनी ते संगीत इतके आत्मसात केले की त्यांस ‘मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. हे कौतुक होते. परंतु त्यात एक बोचही होती. कौतुक कोणाचे? दुसऱ्यासारखे वाजवणाऱ्याचे. आपले वादक हुशार खरे, पण नक्कल करणारे. पाश्चात्यांचे संगीत वाजवतात म्हणून ते इथले नव्हेत आणि इथले आहेत म्हणून ते संगीत त्यांचे नव्हे, असा दुहेरी ठपका आपल्या समाजाने दीर्घकाळ सोसला आहे.

यातून वाट काढण्याचे यत्न झालेच नाहीत असे नाही. माजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. पुढे त्यांचे नाव हिंदी चित्रपटातील एका गमतीदार गाण्यापुरते उरले, हा काळाचा न्याय म्हणावयाचा की अन्याय, हे वाचकांनीच ठरवावे. डिसिल्वा हे याच परंपरेचे, तथापि त्यांनी धरलेली वाट निराळी होती. गोन्साल्विसांनी वाद्यवृंद वाढवला. डिसिल्वांनी तो कमी केला.

त्यांचा जीवनपट थोडक्यात सांगून मुद्द्याकडे वळतो. हॉटेलांतून आणि नाचाच्या वाद्यवृंदांतून त्यांनी उमेदवारी केली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांच्या कानी त्यांचे वादन पडले आणि त्यांनी या तरुणाला एक गिब्सन गिटार घेऊन दिली. आयरिश पत्नी आणि मुले यांच्यासह ते १९६७ साली लंडनला गेले. जाण्याचे कारण कलेचे नव्हते, थोरल्या मुलाच्या औषधोपचाराचे होते. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. कारण त्या काळी पूर्वेचे आणि पश्चिमेचे संगीत जोडावयास निघालेल्यांपैकी बहुतेक जण ज्ञानाच्या, गुरूच्या किंवा प्रसिद्धीच्या शोधात निघाले होते. हे गृहस्थ बाप म्हणून निघाले होते.

लंडनमध्ये तोवर हवा तयार झाली होती. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक व संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची ‘इंडो-जॅझ’ मुद्रिका १९६६ साली आली होती. या प्रयोगाला दुहेरी पंचक म्हणत. एका बाजूस जॅझचे पाच वादक, दुसऱ्या बाजूस सतार, तंबोरा, तबला वाजवणारा भारतीय संच. तबल्यावर होते मुंबईहून १९५६ साली लंडनला गेलेले केशव साठे. तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. मराठी वाचकाला ही नावे वाचून आनंद व्हावा. मात्र मुद्रिका ऐकताना माझा आनंद अर्ध्यावरच थांबतो. मेयर हे शिकलेले, शिस्तीचे रचनाकार होते. रागाचे स्वर त्यांनी मोजूनमापून कागदावर मांडले, पाचाला पाच असे वादक बसवले, आणि मग एक पंचक बोलते तेव्हा दुसरे बहुधा ऐकत बसते. आज सतारीची पाळी, उद्या पियानोची. ग्रामसभेत दोन पक्षांनी आळीपाळीने भाषणे करावीत तसे. ज्याला मी वर शेजार म्हटले तो हाच. चांगला, सभ्य, सुशिक्षित शेजार.

डिसिल्वांची पहिली मुद्रिका ‘इंटिग्रेशन’ १९६९ साली निघाली. निर्माते होते डेनिस प्रेस्टन, इंडो-जॅझच्या मुद्रिकाही त्यांच्याच. साथीला डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, इयान कार यांचे ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्न, डेव्ह ग्रीन यांचा डबल बास आणि ट्रेव्हर टॉमकिन्स यांचे ड्रम्स. जाणकारांच्या ध्यानी येईल की हे त्या काळचे इंग्लंडमधील नामांकित रेंडेल-कार पंचकच आहे. त्यातून फक्त पियानोवादक मायकेल गॅरिक बाजूस झाले आणि त्यांच्या जागी गिटार आली. तबला नाही, सतार नाही, तंबोरा नाही.

नरपडला आमच्या तरुण मंडळींपैकी गिटार वाजवणाऱ्या एकाला मी ही मुद्रिका ऐकवली. चिकूच्या वाडीत दिवसभर राबून आलेला मुलगा. कान मात्र तीक्ष्ण. दोन रचना शांतपणे ऐकून त्याने विचारले, “फादर, हे फ्युजन म्हणता, पण यात आपलं काय आहे? तबला तर ऐकूच येत नाही.” त्याच्या प्रश्नातच या संगीताची किल्ली आहे. मी त्याला म्हटले, “तू आता गिटारच्या पट्ट्या विसर. ही चाल तोंडाने म्हणून पाहा.” मी पेटीवर षड्ज धरला, त्याने चाल गुणगुणली आणि ती अलगद बसली. एका स्वराभोवती घोटाळणे, तिथून दूर जाऊन पुन्हा त्याच स्वरावर येऊन टेकणे, वर चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी: हा सगळा स्वभाव गळ्याचा आहे. मुलगा हसला आणि म्हणाला, “हे तर गाणं आहे!”

गाणे आहे खरे. पाश्चात्य पद्धतीत गिटारचे मुख्य काम स्वरसंघ पुरवण्याचे. तीन-चार तारा एकदम छेडून गायकाच्या पायाखाली फळी टाकावयाची. जॅझमध्ये तर या स्वरसंघांच्या साखळीवरच वादकाची कसोटी लागते; चाल संपली की त्या साखळीवरून नवनवे स्वर विणत जावयाचे. डिसिल्वा हे सर्व जाणत होते, पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षे वाजवीत आले होते. तरीही स्वतःच्या रचनांत त्यांनी साखळी सैल केली. पियानो नसल्यामुळे स्वरसंघांचे ओझे आपोआप कमी झाले. बासने एक पाया धरून ठेवावा आणि त्यावर गिटारने एकेरी, सलग ओळ काढावी, असा बेत दिसतो. बासचा तो धरलेला पाया म्हणजेच तंबोरा. बाहेरून आणून बसवलेला नव्हे. घरात असलेल्या वस्तूकडूनच ते काम करून घेतलेले.

सेमिनरीत आम्हांला ग्रेगोरियन गायनाची तोंडओळख करून दिली जात असे. त्या गायनात स्वरसंघ नाहीत, ठेका नाही. फक्त एक ओळ, श्वासाबरोबर चढणारी आणि उतरणारी. युरोपच्या संगीतातील स्वरसंघांची इमारत नंतरची, मुळात तेथेही एकच ओळ होती. चर्चच्या छायेत वाढलेल्या गोमंतकीय घराण्यातील वादकाला रागसंगीताकडे जाताना फार लांबची उडी मारावी लागली नसावी, असे या मुद्रिका ऐकताना मला वारंवार वाटते. हा माझा तर्क आहे. त्यावर कोणी वाद घातल्यास स्वागत करीन.

‘इंटिग्रेशन’मधील रचनांची नावे मात्र मला खटकतात. ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’, ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’. पर्यटन खात्याने छापलेल्या चित्रकार्डांची चळत हातात यावी तसे वाटते. १९६९ सालच्या लंडनमध्ये उदबत्ती आणि सतार यांची चलती होती. मुद्रिका विकावयाची तर वेष्टनावर थोडी गंगा असलेली बरी, असा विचार कोणी केला असल्यास नवल नाही. परंतु आत जे वाजते ते चित्रकार्ड नव्हे. मुंबईच्या रस्त्याच्या रचनेत ना हातगाडीवाल्यांची आरोळी आहे ना देवळाची घंटा. आहे ती एक गजबज: सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकमेकांना कोपर मारीत पुढे सरकतात आणि गिटार त्यांच्यामधून अंग चोरून वाट काढते. ज्याने गाडीला लोंबकळत मुंबई गाठली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. महाराणींच्या नावाची रचना तर मला एका उपकृत माणसाची साधी कृतज्ञता वाटते.

मुद्रिकेचा दोष तिच्या सभ्यतेत आहे. रेंडेल आणि कार हे थोर वादक, पण येथे ते पाहुणचार करीत आहेत असा भास होतो. डिसिल्वांच्या चाली ते नेटकेपणाने वाजवतात आणि स्वतःची पाळी आली की आपल्या ओळखीच्या घरी परततात. शीर्षकात ज्या एकात्मतेची घोषणा आहे, ती येथे अर्धीच सिद्ध होते.

उरलेली अर्धी सिद्ध झाली ती त्याच वर्षी आलेल्या ‘हम दोनो’ या मुद्रिकेत. या वेळी सोबतीला होते जो हॅरियट.

हॅरियट यांच्याविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. १९२८ साली किंग्स्टन शहरात त्यांचा जन्म झाला. बालपण अल्फा बॉईज स्कूल या संस्थेत गेले. ही संस्था ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या धर्मभगिनींची. अनाथ व गरीब मुलांना त्या हाताला काम म्हणून वाद्य शिकवीत. जमैकाचे कितीतरी नामवंत वादक याच शाळेतून बाहेर पडले. म्हणजे गोमंतकाच्या चर्चच्या शाळांच्या परंपरेतून आलेला एक आणि किंग्स्टनच्या भगिनींच्या शाळेतून आलेला दुसरा. दोघांनाही साम्राज्याच्या राजधानीत उपरे म्हणून राहावे लागलेले. १९५१ साली इंग्लंडला आलेल्या हॅरियटांनी १९६०च्या सुमारास स्वरसंघ, ठरलेला ठेका, ठरलेला आराखडा, या साऱ्यांपासून मुक्त अशा वादनाचे प्रयोग केले होते. त्यानंतर त्यांनी मेयर यांच्या कागदावरची शिस्तही अनुभवली. डिसिल्वांशी गाठ पडली तेव्हा ते थकलेले होते; १९७३ च्या जानेवारीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

अशा दोघांनी आपल्या मुद्रिकेस ‘हम दोनो’ हे हिंदी नाव द्यावे, यात मला चित्रकार्डाचा लवलेशही दिसत नाही.

या मुद्रिकेत सहा रचना आहेत. ‘स्टेफॅनोज डान्स’ ही डिसिल्वांनी आपल्या मुलाच्या नावाने केलेली. ज्या मुलासाठी घर सोडून परमुलखात आले त्याचे हे नृत्य. बाप कीव करीत नाही, हुंदका काढीत नाही, मुलाला नाचवतो. सॅक्सोफोन, गिटार आणि गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचूनचा आवाज एकाच चालीवर एकत्र येतात, तेव्हा कोणता स्वर कोणाचा हे पहिल्या श्रवणात उमगत नाही. विन्स्टन तेव्हा नवख्या होत्या. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. त्या शब्द गात नाहीत, ही मोठी सुटका आहे. शब्द आले असते तर इंग्रजी की हिंदी हा प्रश्न आला असता. येथे फक्त कंठ आहे. गिटारच्या ओळीत दडलेला गळा या मुद्रिकेत प्रत्यक्ष प्रकट झाला, असे म्हणता येईल.

‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ हे शीर्षक म्हणजे शुद्ध थट्टा. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या एका प्रसिद्ध भक्तिगीताच्या नावावर केलेली ही कोटी; त्यात ड्रम्सवादक ब्रायन स्प्रिंग यांचे आडनावही खुबीने गोवले आहे. गंभीर संगीतकारांनी हसू नये असा दंडक आपल्याकडे का पडला, कोण जाणे.

माझ्या मते मुद्रिकेचे हृदय ‘बॅलड फॉर गोवा’ या रचनेत आहे. डिसिल्वा जन्माने मुंबईकर. गोवा त्यांच्या पिढीतील अनेक मुंबईकर ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे मेच्या सुटीतले, फेस्ताचे, आजीच्या घराचे गाव असणार. असे गाव मनात असते तितके जमिनीवर नसते. ही रचना संथ आहे आणि तिच्यात मला मांडोची एक धूसर सावली जाणवते. सावलीच; मांडोची चाल उचलून जॅझच्या कपड्यात उभी केली असती तर ते सोपे झाले असते आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. डिसिल्वा एका स्वरावर थांबतात, तार किंचित खेचून त्याला हलका बाक देतात आणि सोडून देतात. गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या असतात, स्वरांच्या पायऱ्या त्यामुळे पक्क्या ठरलेल्या. सतारीची ऐसपैस मींड तिच्यावर निघत नाही. या मर्यादेचा डिसिल्वांनी बाऊ केला नाही. जेवढा बाक तार देते तेवढाच घ्यावयाचा आणि उरलेले मौनाने सांगावयाचे. आवाजावर कृत्रिम संस्कार करण्याची साधने तेव्हा गिटारवादकांच्या पायाशी आली होती. येथे त्यांचा मागमूस नाही.

‘जयपूर’ ही रचना दोन्ही मुद्रिकांत आहे, आणि समीक्षकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय. चाल तीच, गिटारवादक तोच, वर्ष तेच. ‘इंटिग्रेशन’मध्ये ती बांधेसूद, इस्त्री केलेली वाटते, कार आणि रेंडेल तिला दोन्ही बाजूंनी नीट धरून चालवतात. ‘हम दोनो’मध्ये हॅरियट तिच्यावर तुटून पडतात. त्यांचा सॅक्सोफोन स्वराच्या कडा फोडतो, ओरडतो, मध्येच हंबरतो. आणि गिटारला शांत राहून चालत नाही. पहिल्या आवृत्तीत डिसिल्वा सांगतात, दुसरीत ते बोलतात. संवाद म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना शिकवावयाचे झाल्यास मी या दोन आवृत्त्या पाठोपाठ लावीन.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रागसंगीताचे जाणकार म्हणतील, यात राग कुठे आहे? आरोह-अवरोह, वादी-संवादी, रागाचे चलन यांच्या कसोटीस हे उतरेल काय? नाही उतरणार, आणि उतरावे अशी डिसिल्वांची प्रतिज्ञाही नव्हती. ते जॅझचे वादक होते. भारतीय संगीत त्यांच्याकडे शास्त्र म्हणून आलेले दिसत नाही, कान म्हणून आलेले दिसते. ज्या शहरात सकाळी चर्चमध्ये ऑर्गन, दुपारी शेजारच्या रेडिओवर ठुमरी आणि रात्री हॉटेलात जॅझ ऐकू येई, त्या शहराचा हा कान. शास्त्रापेक्षा कान श्रेष्ठ असे मला म्हणावयाचे नाही. शास्त्राच्या बाजूने गेलेल्यांचे यशही डोळ्यांसमोर आहे.

ते यश म्हणजे ‘शक्ती’. यॉर्कशायरचे गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांनी एल. शंकर, टी. एच. विनायकराम आणि झाकीर हुसेन यांच्यासह उभारलेल्या या संचाची पहिली मुद्रिका १९७५ सालच्या मैफिलीत ध्वनिमुद्रित होऊन १९७६ साली आली. माहीमच्या सेंट मायकेल शाळेचे विद्यार्थी असलेल्या झाकीरभाईंना २०२४ च्या डिसेंबरमध्ये मृत्यूने नेले, त्याच वर्षाच्या आरंभी ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या मुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले होते. मॅकलॉफलिन यांनी भारतीय संगीताचा रीतसर अभ्यास केला. एवढेच नव्हे, त्यांनी गिटारच बदलून घेतली. पट्ट्यांमधली दांडी खोलगट कोरून घेतली, जेणेकरून तार खोल दाबून मींड काढता यावी. सतारीच्या तरफांप्रमाणे जास्तीच्या तारा आडव्या बसवून घेतल्या. पाहुण्याने यजमानाची भाषा इतक्या निष्ठेने शिकावी, याला नमस्कारच केला पाहिजे. ‘शक्ती’च्या वेगाने मी आजही थक्क होतो. मात्र थक्क होणे आणि आत काही हलणे या दोन गोष्टी आहेत. ‘शक्ती’चे वादन ऐकताना मी टाळी देतो, ‘बॅलड फॉर गोवा’ ऐकताना हात उचलला जात नाही. मॅकलॉफलिन यांना दोन किनाऱ्यांमधले अंतर ठाऊक होते म्हणून त्यांनी भक्कम पूल बांधला. डिसिल्वांचे घरच पाण्यात होते.

१९६९ नंतरचा आलेख मात्र चढता नाही, हे प्रांजळपणे लिहिले पाहिजे. १९७१ साली ‘रिफ्लेक्शन्स’ ही हलक्याफुलक्या गिटारवादनाची मुद्रिका निघाली. तिच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या संचनामाखाली ‘ड्रीम सीक्वेन्स’ आली. येथे सतार आली, तबला आला. दोन प्रदीर्घ बाजू भरून वाजणाऱ्या या स्वप्नमालिकेत सुंदर जागा आहेत, हे नाकारणार नाही. परंतु सतार येताच एक चमत्कारिक गोष्ट घडते: गिटार भारतीय व्हायचे थांबते. ते काम आता दुसऱ्या वाद्याकडे गेलेले असते. सतारीने पूर्वेचे प्रतिनिधित्व करावे, गिटारने पश्चिमेचे, अशी वाटणी होऊन बसते आणि ‘इंटिग्रेशन’ने जी भिंत पाडली ती पुन्हा विटेवर वीट चढू लागते. बाजाराने मागितले तसे दिले गेले असावे. अधिक ‘भारतीय’ दिसणारी ही मुद्रिका मला अधिक परकी वाटते.

हा दोष केवळ लंडनच्या संगीतकारांचा आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. १९६३ साली व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्थानिक संगीतपरंपरांना मानाचे स्थान द्यावे असे सांगितले, आणि त्यानंतर आपल्या वेदीजवळ पेटी, तबला, टाळ आले. चांगलेच झाले. परंतु पुष्कळ वेळा चाल तीच जुनी विलायती, तिचा श्वास चारचरणी स्तोत्राचा, आणि खाली मात्र केरवा वाजत असतो. दुसरीकडे गायकवृंदातील गिटार म्हणजे तीन स्वरसंघांची अखंड बडवाबडवी. वाद्य बदलले म्हणजे संस्कृती अंगी आली, हा समज ‘ड्रीम सीक्वेन्स’इतकाच आपल्यातही घट्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले ते इंग्रजी कवितेत चार मराठी शब्द पेरून नव्हे. त्यांनी ओवीच लिहिली.

आता ‘कोंकण डान्स’कडे येतो. ही मुद्रिका १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रित झाली, पण तेव्हा बाहेर पडली नाही. वादकाच्या मृत्यूला दहा वर्षे उलटल्यावर, २००६ साली ती प्रथम रसिकांपर्यंत पोचली. तबल्यावर पुन्हा आपले केशव साठे, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, सतारही आहे. म्हणजे साधने ‘ड्रीम सीक्वेन्स’चीच. तरीही परिणाम वेगळा, कारण येथे कोणी कोणाचा प्रतिनिधी नाही. साठे तबला वाजवतात तो दाखवण्यासाठी नव्हे, चालवण्यासाठी. ठेका जमिनीवर बसतो आणि त्याच्याभोवती बाकीची वाद्ये फेर धरतात.

फेर हा शब्द सुचण्याचे कारण आमचा परिसर. दमणगंगेच्या अलीकडे जो कोकण सुरू होतो त्याच्या अगदी उंबरठ्यावर आम्ही राहतो. भात कापणीला आले की पाड्यापाड्यांवर वारली बांधवांचा तारपा घुमू लागतो. भोपळ्याचा आणि बांबूच्या नळ्यांचा तो तारपा वादक श्वास न तोडता फुंकत राहतो; एक अखंड घुमणारा नाद आणि त्यावर मोजक्या स्वरांत फिरणारी चाल. नाचणारे त्याच्याभोवती एकमेकांना धरून वळसे घेतात, आणि वादक वळला की सगळा फेर वळतो. डिसिल्वांनी तारपा कधी ऐकला असेल असे मी म्हणत नाही. त्यांचा कोकण बहुधा मांडवी-जुवारीच्या तीरावरचा. परंतु ‘कोंकण डान्स’मध्ये थोडक्या स्वरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक वेळी किंचित वळण घेतो, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा न येता उलट गुंगी येते, ही जाण नाचाच्या फेरातली आहे, मैफिलीतली नव्हे. मुद्रिका सर्वत्र सारखी नाही. काही जागी रेंडेल लांबतात, सतार काही वेळा रंगापुरतीच उरते. पण डिसिल्वांच्या गिटारला येथे पुन्हा तिचा गळा सापडलेला आहे.

त्यानंतर त्यांच्या नावावर नव्या मोठ्या मुद्रिका फारशा आल्या नाहीत. जेमतेम चार-पाच वर्षांचे काम, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ जवळजवळ शांतता.

या मुद्रिका आता पुन्हा निघाल्या आहेत आणि घरबसल्या ऐकता येतात. ज्यांना जॅझचा सराव नाही त्यांनी आरंभ ‘बॅलड फॉर गोवा’पासून करावा, मोठ्या आवाजात नको, आणि इतर कामे करता करता नको. नंतर ‘इंटिग्रेशन’मधील ‘जयपूर’, लगेच ‘हम दोनो’मधील ‘जयपूर’. गायकवृंदात गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींनी ‘स्टेफॅनोज डान्स’ची चाल आधी गळ्याने म्हणावी, मग एकाच तारेवर शोधावी. स्वरसंघ कोणते हे त्या दिवशी विचारू नये.

— एक धर्मगुरू, नरपड